कुंभारणीचं गोत्र कोणतं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही धागा सापडेल. तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीला राहता. गॅलरीच्या सरकत्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक आणि एसीच्या बाहेरच्या युनिटमागे एक अशी मातीची दोन घरटी सापडली. मुलगा नववीत आहे आणि त्याला प्रकल्पासाठी 'परिसरातील एका कीटकाचे शास्त्रीय वर्गीकरण' लिहायचं आहे. मोबाइलवरच्या अ‍ॅपने पहिल्या फोटोला 'डेल्टा' म्हटलं आणि दुसऱ्याला 'स्केलिफ्रॉन'. मामांच्या कपाटातल्या जुन्या इंग्रजी पुस्तकात अशाच माशीच्या चित्राखाली 'पेलोपीअस' छापलंय. पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला 'गांधीलमाशी', आणि तुमच्या आई म्हणाल्या, 'कुंभारीण आहे ती, असू दे.' मग खरं नाव कुठलं, आणि हे शास्त्रज्ञ नावं सारखी बदलतात तरी का?

आधी आईंना सांगा की त्यांचं बरोबर आहे. पेस्ट कंट्रोलवाल्याचंही अगदीच चूक नाही, आपल्याकडे डंख मारणाऱ्या लांब माशीला सरसकट गांधीलमाशीच म्हणतात. पण ज्या गांधीलमाश्या कागदासारखं पोळं लटकवून घोळक्याने राहतात, त्यातली ही नव्हे. कुंभारीण एकटी राहते, एकटी बांधते. पोळं राखायला तिच्याकडे फौज नसते, त्यामुळे घरट्याजवळून गेलात म्हणून ती अंगावर येत नाही. हाताने दाबलीत तर डसेल, तेवढा हक्क तिला आहे.

आता तुमच्या प्रश्नात खरं म्हणजे तीन प्रश्न एकात एक अडकलेत. ही माशी कोण, हा पहिला. तिला आज काय म्हणायचं, हा दुसरा. आणि ती कोणाची नातेवाईक, हा तिसरा. 'शास्त्रीय वर्गीकरण' म्हणजे हा तिसरा प्रश्न. पहिले दोन त्याच्या दारातले. मी २४ वर्षं ठाण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्यातला बराच वेळ याच माश्या टाचणीला लावण्यात गेला. विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त गफलत इथेच व्हायची: घरटं बघायचे आणि गोत्र सांगून मोकळे व्हायचे.

आमच्या मजल्यावर दोन कुलकर्णी राहतात. एकमेकांचे कुणी लागत नाहीत. दोघांच्याही पूर्वजांनी कधीतरी गावाचं दप्तर सांभाळलं, एवढंच काय ते सारखं. स्केलिफ्रॉन आणि डेल्टाचं अगदी तसं आहे. दोघी मातीकाम करतात, दोघींची कंबर सुतासारखी, दोघी आपल्या खिडकीत येतात. मराठीने दोघींना कुंभारीण म्हटलं ते त्यांच्या धंद्यावरून. घराणी मात्र वेगळी, आणि तीही शेजारची नव्हेत.

हा फरक किती मोठा आहे ते बघा. दोघीही संधिपाद संघातल्या, कीटक वर्गातल्या, हायमेनोप्टेरा गणातल्या. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या सगळ्या याच गणात येतात. (घरमाशी नाही. तिला दोनच पंख, तिचा गण वेगळा. 'माशी' या आपल्या शब्दाने अशी बरीच मंडळी एका पंगतीला बसवलीत.) इथून पुढे वाटा फुटतात. डेल्टा जाते व्हेस्पॉइडिया अधिकुलात, व्हेस्पिडी कुलात, युमेनिनी उपकुलात, म्हणजे कागदी पोळ्यावाल्या गांधीलमाशीच्या कुलातच. स्केलिफ्रॉन जाते अ‍ॅपॉइडिया अधिकुलात, स्फेसिडी कुलात, स्केलिफ्रिनी उपकुलात. आणि या अ‍ॅपॉइडियात दुसरं कोण आहे? मधमाश्या. तुमच्या खिडकीतली कोळी मारणारी स्केलिफ्रॉन ही शेजारच्या घरट्यातल्या डेल्टापेक्षा मधमाशीला जवळची आहे. मी हे वर्गात सांगितलं की दोन-तीन मुलं हमखास हसायची. पण पुरावा भक्कम आहे. मधमाश्या या अशाच शिकारी पूर्वजांतून आल्या. त्यांनी मांस सोडलं आणि परागकण धरले.

मग या दोघी ओळखायच्या कशा? घरट्यावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. पुस्तकी वर्णन असं की डेल्टाचं घरटं म्हणजे छोटा माठ, वर वळलेला गळा असलेला, आणि स्केलिफ्रॉनचं म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या नळ्या एकमेकींना चिकटवून वरून लिंपलेल्या. तुमच्या पहिल्या फोटोत गळा दिसतोय म्हणून अ‍ॅपने तसं म्हटलं असेल. पण डेल्टासुद्धा चार-पाच माठ शेजारी शेजारी बांधून सगळ्यांवर मातीचा गिलावा देते. गिलावा झाला की गळे दिसेनासे होतात आणि उरतो एक मातीचा गोळा. तो बघून मीही फसले आहे.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट. येऊरला एका घराच्या वाशावरून मातीचा असा एक गोळा सुरीने अलगद सोडवून आणला. काचेच्या बरणीत ठेवला, तोंडाला मलमल बांधली आणि मोठ्या ऐटीत लेबल लिहिलं: 'डेल्टा'. काही आठवड्यांनी सकाळी बघते तर बरणीत मोरपिसासारखी चकाकणारी निळी-हिरवी माशी. डेल्टा नव्हे, स्केलिफ्रॉनही नव्हे. ती होती स्टिल्बम, दुसऱ्याच्या मातीच्या घरट्यात अंडं घालून त्याच्या पिल्लावर आपलं पिल्लू पोसणारी कोकिळेच्या वृत्तीची बाई. त्यानंतर चार दिवसांनी दुसऱ्या कप्प्याला भोक पडलं आणि काळी-पिवळी स्केलिफ्रॉन बाहेर आली. म्हणजे एका लेबलात दोन चुका: बांधणारी चुकली आणि निघणारी तर ध्यानीमनीही नव्हती. ते लेबल मी फाडलं नाही, मागच्या बाजूला दुरुस्ती लिहून ठेवली. आणखी एक घोळ असा की रिकाम्या पडलेल्या जुन्या घरट्यात तिसरीच येऊन राहते. कॅलिबिऑन बेंगालेन्से नावाची गडद निळी, धातूसारखी चमकणारी माशी आपल्याकडे सर्रास दिसते, ती अशी पोकळी शोधतच असते. ती पुन्हा स्केलिफ्रॉनच्याच उपकुलातली. थोडक्यात, घर कुणाचं आणि आत कोण, या दोन वेगळ्या चौकश्या आहेत.

खात्री करायची तर माशीच बघायची, आणि तीही खांद्यावर. खिडकीच्या चौकटीत मेलेली एखादी सापडतेच. दहापट दाखवणारं भिंग घ्या, दुकानात सहज मिळतं. माशी कुशीवर ठेवा आणि पुढच्या पंखाचं मूळ शोधा. तिथे एक छोटी टिकली दिसेल, पंखाच्या सांध्यावर झाकण घातल्यासारखी. आता मानेमागचा पहिला पट्टा बघा. डेल्टामध्ये हा पट्टा खांद्यावरून शाल घेतल्यासारखा मागे येतो आणि त्याचं टोक थेट त्या टिकलीला टेकतं. स्केलिफ्रॉनमध्ये तो बंद गळ्याच्या कॉलरसारखा आखूड असतो; बाजूला त्याचा एक गोल लोळा दिसतो, पण तो टिकलीपर्यंत पोचत नाही, मध्ये फट राहते. मधमाशीचा खांदाही असाच असतो, लोळ्याचा. स्केलिफ्रॉन आणि मधमाशी एका अधिकुलात आहेत याची ही भिंगातून दिसणारी खूण. एका तासिकेला मी तिन्ही माश्या एकाच थर्माकोलवर लावून भिंग फिरवायचे. एकदा शाल आणि कॉलर दिसली की पुढे कुणाला ते पुन्हा सांगावं लागत नसे.

बाकीच्या खुणा झटपट सांगते. डेल्टाच्या डोळ्याला आतल्या बाजूने खाच असते, डोळा काजूगरासारखा दिसतो. स्केलिफ्रॉनच्या डोळ्याला ती खाच नसते. बसलेली डेल्टा पंख उभ्या घडीत मिटते, त्यामुळे ते बारीक पट्टीसारखे दिसतात. स्केलिफ्रॉनचे पंख घडी न पडता पाठीवर सपाट राहतात. जिवंत माशीच्या फोटोत ही खूण सगळ्यात उपयोगी. कंबरेचं म्हणाल तर डेल्टाची नाळक्यासारखी हळूहळू रुंदावत जाते, स्केलिफ्रॉनची मात्र सरळ, सारख्या जाडीची काडी असते आणि तिच्या टोकाला एकदम पोट सुरू होतं. ती काडी पोटाच्या फक्त खालच्या पट्टीची बनलेली असते, ही सबंध स्फेसिडी कुलाची खूण आहे.

वागणुकीतही फरक आहे, आणि तुमच्या मुलाला तो अंगणात बसून बघता येईल. सोसायटीच्या बागेत पाइप गळतो तिथे, किंवा उपवन तलावाच्या काठी ओल्या मातीत, पोट वर करून गुणगुणत चिखलाची गोळी वळणारी दिसली तर ती बहुधा स्केलिफ्रॉन. मुगाच्या दाण्याएवढी गोळी जबड्यात धरून ती उडते. डेल्टाला तयार चिखल लागत नाही. ती पोटात पाणी घेऊन येते, कोरड्या मातीवर ओकते आणि जागच्या जागी माती मळते. खाणंही वेगळं. स्केलिफ्रॉन पिल्लासाठी कोळी साठवते, डेल्टा अळ्या. स्केलिफ्रॉनचा एक कप्पा मी सुरीने उघडला तेव्हा त्यात अकरा कोळी निघाले, हिरवे, करडे, एक तर पिवळ्या ठिपक्यांचा, ट्रेनच्या डब्यात कोंबावेत तसे एकावर एक. मेलेले नव्हते, लुळे होते. सुईने स्पर्श केला की एखादा पाय किंचित हलायचा. एका कोळ्याच्या पोटाला पांढरं, किंचित वाकलेलं अंडं चिकटलेलं होतं. म्हणजे आधी शिकार, मग तिच्यावर अंडं. डेल्टा उलटं करते: रिकाम्या माठात आधी छताला बारीक तंतूने अंडं टांगते आणि मग अळ्या भरते.

भृंगकीटन्याय तुम्ही कीर्तनात ऐकला असेल. भृंगी अळीला घरात नेते, अळी तिचं ध्यान करते आणि स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. आत अळी जाताना कुणीतरी पाहिली, बाहेर माशी निघताना पाहिली, मधलं काही दिसलं नाही. निरीक्षण सच्चं आहे, जोडणी चुकली. पण अळी नेणारी म्हटल्यावर ती भृंगी बहुधा डेल्टाच्या घराण्यातली असणार, स्केलिफ्रॉन असती तर न्यायात कोळी आला असता. हा माझा तर्क, परीक्षेत लिहू नका.

आता नावाचं. १७५८ साली लिनियसने प्राण्यांना दोन शब्दांची नावं पद्धतशीर दिली, आणि प्राण्यांच्या नावांचा हिशेब तिथूनच सुरू होतो. त्याने या लांब कंबरेच्या बऱ्याच माश्या 'स्फेक्स' या एकाच पिशवीत टाकल्या होत्या. त्याचाच शिष्य फॅब्रिशियस. त्याने १७८१ मध्ये आपल्याकडच्या कुंभारणीला 'स्फेक्स मद्रासपटाना' म्हटलं, मद्रासपट्टणमवरून. पिशवी फुगत गेली तशी ती फोडावी लागली. क्लूग या जर्मन अभ्यासकाने १८०१ मध्ये मातीकाम करणाऱ्या या जाती वेगळ्या काढून 'स्केलिफ्रॉन' ही प्रजाती (जातींच्या वरची पायरी, इंग्रजीत जीनस) उभी केली. पुढच्याच वर्षी लात्रेय या फ्रेंच अभ्यासकाने त्याच माश्यांना 'पेलोपीअस' म्हटलं. एकाच गोष्टीला दोन नावं असली की जे आधी छापलं गेलं ते टिकतं, हा नियम. तरी जुन्या ग्रंथांत लात्रेयचं नाव बराच काळ चाललं. मामांच्या पुस्तकात ते त्यातूनच आलं. गंमत अशी की ग्रीकमध्ये 'पेलोपीअस'चा अर्थ चिखलाचं काम करणारा, अगदी कुंभारीणच, आणि 'स्केलिफ्रॉन' म्हणजे सुकलेला, काटकुळा. बोलकं नाव एका वर्षाने हरलं. मला याचं अजून वाईट वाटतं, पण नियम नसता तर प्रत्येक देशात वेगळं नाव चाललं असतं.

आज ही जाती लिहायची ती अशी: स्केलिफ्रॉन मद्रासपटानम (फॅब्रिशियस, १७८१). इथे दोन बारकावे आहेत, परीक्षक हुशार असेल तर नक्की विचारेल. पहिला: 'मद्रासपटाना'चं 'मद्रासपटानम' का झालं? कारण फॅब्रिशियसने स्फेक्स स्त्रीलिंगी धरलं होतं आणि स्केलिफ्रॉन आहे नपुंसकलिंगी. दुसरा शब्द विशेषण असेल तर तो पहिल्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो, जसं आपण 'काळी माती' पण 'काळं घर' म्हणतो. दुसरा: फॅब्रिशियस कंसात का? कारण त्याने ही जाती दुसऱ्याच प्रजातीत ठेवली होती. कंस म्हणजे 'हिचं सासर बदललं' अशी नोंद. कंस गाळला तर अर्थ बदलतो, म्हणून तो सजावट समजून पुसू नका. उच्चाराला मात्र नियम नाही. मी स्केलिफ्रॉन म्हणते, माझे काही सहकारी सेलिफ्रॉन म्हणायचे, आमचं कधी भांडण झालं नाही.

डेल्टाचीही अशीच कथा आहे, थोडक्यात सांगते. हे नाव सोस्यूर या स्विस अभ्यासकाचं, १८५५चं, पण पुढे कित्येक वर्षं त्या जाती 'युमेनेस' या लात्रेयच्या प्रजातीतच मोडत. म्हणून जुन्या याद्यांत 'युमेनेस' दिसलं तर दचकू नका.

नावं बदलतात ती लहर म्हणून नव्हे. नाव म्हणजे नात्याबद्दलचं विधान आहे, आणि नात्याचा पुरावा सुधारला की विधान सुधारावं लागतं. बोहार्ट आणि मेन्के यांनी १९७६ मध्ये जगभरच्या या माश्यांचा जाडजूड ग्रंथ काढला तेव्हा स्फेसिडी हे कुल भलंमोठं होतं. नंतर लक्षात आलं की त्यातल्या काही शाखा उरलेल्या शाखांपेक्षा मधमाश्यांना जास्त जवळच्या आहेत. मग मधमाश्यांना बाहेर ठेवून बाकी सगळ्यांचं एक कुल करणं म्हणजे एका लेकीला वगळून उरलेल्यांना 'आमचं सबंध कुटुंब' म्हणण्यासारखं. म्हणून ते कुल फोडलं. २०१८ मध्ये जनुकीय पुराव्यावरून आणखी वाटण्या झाल्या आणि अमोप्लॅनिडी या अगदी बारीक माश्यांचा गट मधमाश्यांचा सख्खा शेजारी ठरला. या सगळ्या धुमाळीत स्केलिफ्रॉन मात्र स्फेसिडीतच राहिली. प्रकल्पात तेच लिहा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमच्या दुसऱ्या फोटोतली माशी स्केलिफ्रॉन आहे हे मी फोटोवरून सांगू शकते: पंख सपाट, कंबर काडीची, अंग काळं-पिवळं. जाती सांगणार नाही. मद्रासपटानम सगळ्यात जास्त दिसते, पण कोरोमंडेलिकमही आपल्याकडे मिळते (दोन्ही नावं पूर्व किनाऱ्याची आणि मुक्काम घोडबंदर रोडला). त्यांच्यातला फरक कंबरेच्या काडीचा आणि पायांचा रंग, छातीच्या मागच्या बाजूचे पट्टे असा असतो, आणि तुमच्या फोटोत नेमकी कंबर बोटाआड गेलीय. अ‍ॅपने जातीचं नाव दिलं तरी ते तपासल्याशिवाय उतरवू नका. प्रजातीवर थांबणं म्हणजे कमीपणा नव्हे. आमच्या संग्रहात अर्ध्याहून जास्त लेबलं तशीच आहेत.

आणि मराठीत लिहिताना एक काळजी घ्या. शास्त्राच्या मराठी परिभाषेत प्रजाती म्हणजे वरची पायरी, तिच्यात अनेक जाती. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतात, तो हिंदीतून आलाय. मुलाच्या तक्त्यात स्केलिफ्रॉनसमोर 'प्रजाती' आणि मद्रासपटानमसमोर 'जाती' असं हवं, नाहीतर सगळा तक्ता एक पायरी घसरेल.

तक्त्यात दोन्ही कुंभारणी शेजारी शेजारी दाखवा, असं माझं मत. एकटीचं वर्गीकरण पाठ करून लिहिता येतं, दोघींचं लिहायला खांदा बघावा लागतो. खाली तुमच्याकडच्या मेलेल्या माशीचं लेबल: ठिकाण, तारीख, कुठे सापडली, कुणी गोळा केली. नाव सगळ्यात शेवटी, पेन्सिलने.

घरट्यांचं विचारलंत. ज्या कप्प्याला गोल भोक पडलंय तो रिकामा झालाय, खुशाल खरवडून काढा, ओल्या फडक्याने डागही जातो. एसीमागचं मात्र अजून बंद दिसतंय. त्याच्यावर मच्छरदाणीचा तुकडा सैलसर चिकटपट्टीने लावा आणि काही आठवडे रोज सकाळी मुलाला बघायला सांगा. जे निघेल त्याचा कुशीवरून, खांदा दिसेल असा फोटो काढा आणि इथेच टाका. चकाकती निळी-हिरवी निघाली तर मुलाला म्हणावं, नाराज होऊ नको. माझ्याकडे तशीच एक अजून टाचणीला आहे, मागे दुरुस्ती लिहिलेल्या लेबलासकट.